मांजर शिकते, पण हुकूम मानत नाही: कल्याणीच्या चित्त्यांपासून दामू धोत्रे यांच्या पिंजऱ्यापर्यंत

१/२६
मिरकरवाडा हे रत्नागिरीचे मासेमारी बंदर. होड्या धक्क्याला लागतात, मासळी उतरते, लिलाव पुकारला जातो आणि नेमक्या त्याच वेळेला मांजरेही हजर होतात. कोणत्या बाजूला मासळी आधी उतरेल, कोणती मावशी माशाचे डोके बाजूला टाकेल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही घरोघरी एक वाक्य ऐकू येते: कुत्र्याला शिकवता येते, मांजराला नाही. या समजुतीची आज इतिहासाच्या आधारे परीक्षा करू. #इतिहासधागा

२/२६
मांजर, बिबट्या, चित्ता, वाघ, सिंह हे सारे एकाच मार्जारकुळातले. या कुळातील प्राण्यांना शिकवण्याची दख्खनेतील लेखी परंपरा जवळपास नऊशे वर्षांची आहे. या परंपरेतून दोन गोष्टी समजतात. मार्जारकुळ कसे शिकते, ही पहिली. त्या शिकण्याची किंमत कोणी मोजली, ही दुसरी. घरात मांजर, कुत्रा आणि कोंबड्या एकत्र नांदवणाऱ्याला या दोन्ही उपयोगी पडतात.

३/२६
आधी मूळ फरक पाहू. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो कळपाने राहतो, म्हाताऱ्यांचे पाहून शिकतो, वरचढापुढे नमते घेतो. मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर. ते एकट्याने शिकार करते. शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. माणसाने त्याला पकडून आणण्यापूर्वीच ते आपल्या सोयीने माणसाजवळ येऊन राहिले होते.

४/२६
पुढचा प्रवास बंदरांमधून झाला. गलबतावर धान्य आणि दोर असत, म्हणून उंदीर असत, म्हणून मांजरही असे. जुन्या जगात मांजराचा प्रसार प्रामुख्याने व्यापारी मार्गांनी आणि जहाजांनी झाला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात मांजर आधीपासूनच असल्यासारखे वाटते, त्याचे कारण हेच.

५/२६
याचा सर्वांत बोलका पुरावा कोकणाच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके हे इजिप्तचे रोमनकालीन बंदर. कल्याण, चौल यांसारख्या आपल्या बंदरांशी चालणाऱ्या व्यापारातले ते महत्त्वाचे ठाणे होते. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील पाळीव प्राण्यांची दफनभूमी तिथे उघडकीस आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८५ प्राण्यांची नोंद आहे: ५३६ मांजरे, ३२ कुत्रे, १५ माकडे, एक कोल्हा आणि एक ससाणा.

६/२६
यांतली काही माकडे भारतातून नेलेली होती. काही मांजरांच्या गळ्यात लोखंडी पट्टे होते, काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा. दात पडलेले, म्हातारे प्राणीही होते. कोणीतरी मऊ अन्न भरवल्याशिवाय ते इतके जगले नसते. म्हणजे मांजर, कुत्रा आणि माकड एकाच वस्तीत सांभाळणारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वीही होती, आणि त्यांतल्या कित्येकांची माया उपयोगापुरती नव्हती.

७/२६
पण निरनिराळे प्राणी एकत्र नांदू शकतात, यावर विद्वानांचा फारसा विश्वास नसावा! पाणिनीच्या व्याकरणात कायमचे वैर असलेल्या प्राण्यांच्या नावांच्या समासासाठी स्वतंत्र नियम आहे. असा समास एकवचनी होतो. त्याचे टीकाकारांनी दिलेले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘मार्जारमूषकम्’. वैर इतके गृहीत धरलेले की ते थेट व्याकरणात जाऊन बसले. हे वैर जन्मजात आणि अटळ आहे का, हा प्रश्न पुढे सर्कशीच्या पिंजऱ्यात सोडवला गेला. तिकडे वळण्यापूर्वी राजदरबारात जाऊ.

८/२६
कल्याणीचे चालुक्य. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजाने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. त्यातील संगीताच्या प्रकरणात जुन्या मराठीतील रचना सापडतात, म्हणून मराठी भाषेच्या इतिहासात तो महत्त्वाचा मानला जातो. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चित्त्याकडून केलेल्या शिकारीचे वर्णन आहे.

९/२६
‘चित्ता’ हा शब्द संस्कृत ‘चित्रक’ या शब्दापासून आला. अर्थ: ठिपकेवाला. दख्खनच्या उघड्या माळांवर काळवीट होते आणि त्यांच्यामागे चित्तेही होते. चित्त्याला शिकारीसाठी शिकवताना एक विचित्र अडचण असे. पिल्लू पाळून उपयोग नव्हता, कारण शिकार कशी करावी हे पिल्लाला आईच शिकवते. म्हणून आईकडून शिकून तयार झालेला, रानातला मोठा चित्ता पकडावा लागे. त्याला शिकवायचे असे ते एवढेच, की माणसांत शांत राहावे आणि पकडलेले सावज सोडून द्यावे.

१०/२६
हे कसे साधत? जॉन लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते, नंतर लाहोरला गेले. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील माणसे आणि प्राणी यांच्यावरील पुस्तकात त्यांनी चित्त्याच्या शिक्षणाची हकीकत दिली आहे. चित्ता बाजेवर बांधलेला असे. राखणदारांच्या घरातील बायका-मुलांना त्याच्याजवळ बसवून दिवसभर बोलत राहायला सांगत. हेतू एकच: माणसाच्या आवाजाची सवय व्हावी.

११/२६
नीट पाहा, इथे मारझोड नाही. डोळ्यांवर टोपी असे, जेणेकरून प्राणी बावरू नये. त्याला हळूहळू गर्दीच्या रस्त्यांवरून फिरवत. शिकारीच्या वेळी बैलगाडीतून नेत, काळवीट दिसले की टोपी काढत. चित्त्याने सावज धरले की राखणदार जवळ जाई आणि लाकडी पळीतून सावजाचे रक्त त्याच्या तोंडापुढे धरी. चित्ता पळीकडे वळला की सावज सुटे आणि डोळ्यांवर पुन्हा टोपी चढे. ‘सोड’ असा हुकूम नव्हता. ‘हे सोड, ते घे’ असा सौदा होता.

१२/२६
अकबराच्या दरबारात ही विद्या शिखराला पोहोचली. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजल लिहितो की पूर्वी नवा चित्ता तयार करायला दोन-तीन महिने लागत, बादशहाने लक्ष घातल्यापासून तो १८ दिवसांत तयार होतो. अकबराने आयुष्यभरात ९,००० चित्ते जमवले होते, असे जहांगीर सांगतो. आकडा दरबारी मानला, तरी त्यावरून व्यवहाराची व्याप्ती कळते. मार्जारकुळ शिकत नाही असे म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरेसे आहे.

१३/२६
आता किंमत पाहू. बंदिवासात चित्त्यांची वीण होत नसे. एका मादीला पिल्ले झाली, ही गोष्ट जहांगीरला आपल्या आठवणींत नोंदवण्याइतकी नवलाची वाटली. त्यानंतर बंदिवासातील चित्त्याच्या वीणीची नोंद थेट १९५६ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयात मिळते. म्हणजे दरबारात दिसणारा प्रत्येक शिकलेला चित्ता रानातून कायमचा वजा झालेला होता. शिकवणारे हात कितीही हळुवार असोत, वजाबाकी चालूच राहिली.

१४/२६
विसाव्या शतकात चित्त्याची शिकार मोठ्या प्रमाणावर टिकली ती प्रामुख्याने कोल्हापूर आणि भावनगर या दोन संस्थानांत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराज यांच्या काळात चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांची पथके होती. पण तोवर देशी चित्ता मिळेनासा झाला होता. म्हणून आफ्रिकेतून चित्ते आणवले जाऊ लागले. १९१८ ते १९४५ या काळात भारतीय संस्थानिकांनी किमान २०० चित्ते आणवले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

१५/२६
शेवट आपल्याला ठाऊक आहे. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात १९४७ साली तीन चित्ते मारले गेले. भारतातील अखेरच्या चित्त्यांची सर्वमान्य नोंद ती हीच. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. गायराने नांगराखाली गेली, काळवीट घटले, बंदुका वाढल्या, ही कारणे होतीच. पण शतकानुशतके चाललेली धरपकडही त्यांत मोजावी लागते. २०२२ साली कुनोच्या जंगलात चित्ते आले, तेही आफ्रिकेतून.

१६/२६
दरबार ओसरू लागले तशी ही विद्या तंबूत शिरली. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोडेस्वारीचे काम पाहत. इटालियन किआरिनीची सर्कस मुंबईत आली असता ‘भारतीयांना हे जमणार नाही’ अशा अर्थाचे बोलणे झाले आणि छत्रे यांनी ते आव्हान म्हणून घेतले, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. १८८० साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. भारतीय मालकीच्या आधुनिक सर्कशीचा आरंभ तिथून मानतात.

१७/२६
म्हैसाळची देवल सर्कस, तासगावच्या परशुराम माळी यांची सर्कस: सांगलीचा परिसर पाहता पाहता सर्कशींचे माहेर झाला. त्या काळी जगभर प्राणी शिकवण्याच्या दोन रीती होत्या. पहिली चाबकाची आणि तापलेल्या सळईची. दुसरी जर्मनीतील हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आणलेली: प्राण्याचा स्वभाव ओळखा, त्याला झेपेल तेच सांगा, जमले की लगेच मांसाचा तुकडा द्या. या दुसऱ्या वाटेवर पुढे एक पुणेकर फार लांब गेला.

१८/२६
दामू धोत्रे यांचा जन्म १९०२ साली पुण्यात, गरीब घरात झाला. मामा तुकाराम शेलार यांची सर्कस होती. दामू लहानपणीच तिच्यात गेले, कसरती शिकले आणि मग हिंस्र प्राण्यांकडे वळले. पुढे युरोपात त्यांची गाठ फ्रेंच शिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याशी पडली. १९४० साली त्यांच्याबरोबर ते अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स या प्रचंड सर्कशीत गेले. उघडे अंग, डोक्याला फेटा आणि भोवती बिबटे अशी त्यांची छबी अमेरिकेत गाजली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्यात नोकरीही केली.

१९/२६
कोर्ट यांची ख्याती होती ती मिश्र पिंजऱ्यासाठी. सिंह, वाघ, बिबटे, अस्वले, एवढेच काय, मोठ्या जातीचे कुत्रेही एकत्र! पाणिनीच्या नियमातील ‘कायमचे वैर’ इथे रोज संध्याकाळी हजारो लोकांसमोर खोटे ठरत असे. धोत्रे अशाच गटांतून घडले आणि काळे बिबटे, ठिपक्यांचे बिबटे, जॅग्वार अशा भिन्न स्वभावाच्या प्राण्यांना त्यांनी एकत्र खेळवले. त्यांच्या आठवणी भानू शिरधनकर यांनी शब्दबद्ध केल्या. पुस्तकाचे नाव: ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’.

२०/२६
मिश्र पिंजऱ्याचे रहस्य काय? जागा. प्रत्येक प्राण्याला आपले स्वतःचे स्टूल असते. सर्वांत पहिला धडा एवढाच: हे तुझे, इथे बस. तो धडा एकेकट्याला दिला जातो. मग दोघांना एकत्र आणतात, मध्ये अंतर ठेवून. ते निवांत झाले की तिसरा. मांस काठीच्या टोकावरून ज्याचे त्याला, त्याच्या जागेवरच मिळते. आपल्या घासावर दुसरा झडप घालणार नाही, ही खात्री पटली की वैराचे निम्मे कारण संपते. मार्जारकुळातील भांडणे बहुतेकदा जागेवरून, घासावरून आणि भीतीवरून होतात.

२१/२६
पण इथेही हिशेब अपुरा ठेवता येत नाही. स्टूलावर बसलेल्या वाघाला ‘आज नको’ म्हणून निघून जाण्याची सोय नव्हती. खेळ संपला की लोखंडी गाडी, अरुंद पिंजरा, दुसरे गाव. धोत्रे यांच्यासारखे शिक्षक थोडे होते, चाबूक पुष्कळ होते. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसमालक न्यायालयात गेले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. तंबूतील हा अध्याय तिथे संपला.

२२/२६
चित्तेवान आणि रिंगमास्टर जे हातांनी ओळखत होते, ते विज्ञानाने मांजरावरच सिद्ध केले. १८९८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक यांनी फळ्यांच्या पेट्या बनवल्या. आत भुकेले मांजर, बाहेर खाऊ. आतली दोरीची कडी ओढली की दार उघडे. मांजर आधी नुसतेच बोचकारत राही आणि केव्हातरी योगायोगाने कडी ओढली जाई. पुढच्या खेपांत वेळ घटत गेला. जिथे पहिल्यांदा मिनिटे लागली, तिथे अखेरीस काही सेकंद पुरू लागले. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पक्की होते, हा नियम यातून मांडला गेला.

२३/२६
त्याच प्रयोगांतली आणखी दोन निरीक्षणे मोलाची आहेत. मांजराचा पंजा धरून त्याच्याकडून कृती करवून घेतली, तर ते शिकत नसे. कृती त्याने स्वतः करावी लागे. आणि अंग चाटल्यावर दार उघडायचे असे ठरवले, तेव्हा मांजरे सुटकेसाठी अंग चाटायला शिकली! अर्थात मांजर आधीच जे करते त्याला वेळेवर बक्षीस दिले, की त्याचाच ‘खेळ’ होतो. पळीतले रक्त, काठीवरचे मांस आणि पेटीबाहेरचा खाऊ ही एकाच तत्त्वाची तीन रूपे आहेत.

२४/२६
आता अनेक प्राण्यांच्या घराचा प्रश्न. २०१९ साली जपानमधील संशोधक अत्सुको साइतो आणि सहकाऱ्यांनी मांजर आपले नाव ओळखते का, हे तपासले. घरगुती मांजरांना आपले नाव इतर शब्दांहून वेगळे ओळखू येत होते. घरातल्या दुसऱ्या मांजराच्या नावाहूनही. पण मांजरांच्या कॅफेत, जिथे पुष्कळ मांजरे आणि रोज नवी माणसे असतात, तिथली मांजरे आपले आणि सोबत्याचे नाव यांत फरक दाखवत नव्हती. कदाचित कोणाचेही नाव घेतले तरी सगळ्यांनाच खाऊ मिळत असेल, तर नावाला अर्थ उरत नाही.

२५/२६
इतिहासाचे हे सारे धडे मिरकरवाड्यातल्या एका खोलीतही लागू पडतात. प्रत्येक प्राण्याची बसण्याची जागा आणि खाण्याची वाटी वेगळी. मांजरासाठी उंचावर एक फळी, कुत्रा पोहोचणार नाही अशी. शिकवणी एकेकाची, दोन-तीन मिनिटांची, जेवणापूर्वी, आणि तेवढा वेळ कुत्रा दोरीला. मांजर आपण होऊन बसले की त्याच क्षणी ठरलेला एक शब्द आणि नखाएवढा उकडलेला, बिनमिठाचा, काटे काढलेला बांगडा. पंजा ओढायचा नाही, ओरडायचे नाही. नाव घ्यायचे ते ज्याचे त्याचेच. मांजर उठून गेले की धडा संपला.

२६/२६
हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. सोमेश्वराच्या चित्त्याला आणि सर्कशीतल्या वाघाला तो मिळाला नाही. चित्त्याच्या गळ्यात दोर होता, वाघाभोवती गज होते. मार्जारकुळात फक्त घरातले मांजरच दार उघडे असताना शिकते. म्हणून त्याने दिलेला पंजा लहान असला तरी खरा असतो. कोल्हापूरच्या चित्तेवानांच्या किंवा सांगलीच्या सर्कशींच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतील, तर त्या आजच विचारून लिहून ठेवा. हा धागा आवडला असेल तर मांजर पाळणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत पोहोचवा. #इतिहासधागा